दोनाच्या आधी दहा

दोन आधी की दहा? असं कुणी विचारलं तर बालवाडीतलं पोरसुद्धा तुम्हाला वेड्यात काढेल. पण मंगळावरच्या पांझरवाडीत एवढ्याशा गोष्टीवरून दोन घरांमधलं बोलणं बंद झालं, आणि भाताची हिरवीगार रोपं मरायला टेकली. कशी, ते ऐका.

पांझरवाडी वसवली ती धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या माणसांनी. मंगळावर नदी नाही, पाऊस नाही. जमिनीखाली बर्फ आहे. तो रोज सकाळी यंत्राने वितळवायचा आणि ते पाणी नळीने एकेका काचघराला (काचेच्या छताखालच्या शेताला) द्यायचं. पांझरेच्या काठी जुनी रीत आहे: पाणी पाळीने घ्यायचं आणि पाळी सांभाळायला एक पाटकरी नेमायचा. पाटकऱ्याचा शब्द शेवटचा. माणसं मंगळावर आली तेव्हा बियाण्यांबरोबर ही रीतही घेऊन आली. इथला नियम साधा होता. घराच्या क्रमांकाप्रमाणे पाळी, आणि नव्या बिऱ्हाडाने पहिलं वर्षभर सगळ्यात शेवटी थांबायचं. बर्फ कडक निघाला, पाणी कमी पडलं, की शेवटचं घर कोरडं राहायचं.

पाटकरी होते आबा देवरे. पृथ्वीवर त्यांनी तीस वर्षं पाण्याचं शास्त्र शिकवलं होतं. आता गुडघे कुरकुरत होते आणि नऊ ठिकाणच्या तोट्या हाताने फिरवणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणून त्यांची नात झेलम, वय वर्षं बारा, हिने एक वेबपान बनवलं. घरक्रमांक लिहायचा, पान आपोआप क्रमवारी लावणार (म्हणजे लहान-मोठं पाहून रांग करणार) आणि त्या रांगेने तोट्या उघडणार. पान चांगलं सहाशे चाळीस ओळींचं होतं. ते 'गुंफण' या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं होतं. चार महिने नऊ घरांना त्याने बिनचूक पाणी दिलं, आणि झेलमचं नाक तेवढंच वर गेलं होतं.

मग दहावं बिऱ्हाड आलं. गोंदियाकडचे पटले. त्यांनी काचघरात चक्क भात लावला. भात म्हणजे पाणीपिता गडी, त्यामुळे वाडीच्या भुवया पहिल्याच दिवशी वर गेल्या. पटल्यांची यामिनी झेलमच्याच वयाची. तिने पानावर प्रत्येक घराचं पीक चितारून दिलं आणि दोघींची आठवडाभरात गट्टी जमली.

पटल्यांचा क्रमांक पानात घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या घराची तोटी उघडली, बंद झाली, आणि त्यापाठोपाठ उघडली ती दहाव्या घराची. मग दुसऱ्या, तिसऱ्या, अशा बाकीच्या. नवव्या घराच्या वाट्याला बादलीभर पाणी उरलं.

नववं घर उखाकाका महाजनांचं. त्यांनी सुकलेलं वांग्याचं रोप उपटून आबांच्या समोर धरलं. "बघा! भातवाल्यांना पाणी द्याल तेवढं कमीच. आले नाहीत तोच रांगेत घुसले!"

झेलमच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: माझं पान चार महिने चुकलं नाही, म्हणजे कुणीतरी त्याला हात लावला. हा विचार खरा की खोटा, हे तिने तपासलं नाही. आपल्या हातच्या वस्तूवर माया असली की असं होतं.

तिने 'पार' उघडला. गावात वडाखाली पार असतो, तिथे चार शहाणी माणसं बसतात आणि कुणीही जाऊन विचारू शकतं. तसाच हा वेबपानं बनवणाऱ्यांचा पार होता. पृथ्वीवरचे हजारो लोक त्यावर एकमेकांना अडचणी विचारत. मंगळावरून विचारायला मात्र एक अडचण होती. निरोप प्रकाशाच्या वेगाने जातो, आणि प्रकाशाहून वेगवान काही नाही. तरीही त्या दिवसांत पृथ्वी इतकी लांब होती की निरोप पोचायला तेरा मिनिटं लागत आणि उत्तर यायला आणखी तेरा.

झेलमने विचारलं, "वेबपानाला कुलूप कसं लावायचं?"

नऊ जणांनी नऊ उत्तरं दिली, एकापेक्षा एक सरस. तिने जबरदस्त कुलूप लावलं. त्याचा परवलीचा शब्द (कुलूप उघडायचा गुप्त शब्द) फक्त तिघांना माहीत होता: झेलम, आबा आणि यामिनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या घरानंतर पुन्हा दहावंच घर उघडलं.

आता काय उरलं? आबा स्वतः तर असं करणार नाहीत. झेलम तडक दहाव्या घरात गेली आणि सगळ्यांच्या देखत यामिनीला म्हणाली, "तूच केलंस. तुला शब्द माहीत होता."

यामिनी चिखलात वाकून रोपं सरळ करत होती. ती उभी राहिली. "का बोलून राहिली तू, कळते का तुले? चोरीच करायची असती तर मी पयला नंबर घेतला असता. दुसरा कायले घेईन?"

तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा झेलमला धीर झाला नाही, आणि तो शब्द आता वाडीभर झाला होता. दुपारपर्यंत ठरलं की संध्याकाळी सभा. पटल्यांचं पाणी आठ दिवस बंद आणि झेलमचं पान कायमचं बंद, असा ठराव उखाकाका मांडणार. आठ दिवस पाणी नाही म्हणजे भाताच्या रोपांचं गवत होणार आणि पटल्यांना पुढच्या यानाने परत जावं लागणार.

आबा एवढंच म्हणाले, "झेलम, मी पाटकरी आहे. पुरावा नसेल तर मी कुणाच्या बाजूने बोलू शकत नाही. तुझ्याही नाही."

सभेला पाच तास होते. झेलमने सगळ्या सहाशे चाळीस ओळी पारावर ओतल्या आणि वर लिहिलं, "तातडीचं! माझं पान बिघडलंय! कुणीतरी प्लीज मदत करा!!!"

सव्वीस मिनिटांनी उत्तर आलं. ते पाराच्या कोतवालाचं होतं. कोतवाल म्हणजे पारावर शिस्त ठेवणारा यंत्रमानव. त्याला ना हात ना पाय, नुसते नियम. "प्रश्न अपुरा. प्रश्न बंद." संपलं.

"बंद काय बंद!" झेलम पडद्यावर ओरडली. पडद्याला कान नसतात हे तिला माहीत होतं, पण ओरडल्याशिवाय राहवेना.

प्रश्न बंद होण्यापूर्वी खाली एका माणसाने दोन ओळी लिहिल्या होत्या. नाव होतं माणिकबाई, शिरपूर.

"पोरी, तू आजार सांगितलाच नाहीस. आधी औषध मागितलंस, आता नुसती बोंब मारतेस. काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं, हे दोनच सांग. बाकीचं पान काप, चूक उरेपर्यंत काप."

झेलमला हे वाचून आधी रागच आला. ही कोण मला बोंब मारतेस म्हणणारी? मग तिने आपले दोन्ही प्रश्न परत वाचले आणि तिचे कान तापले. पहिल्या प्रश्नात तिने दहाव्या घराचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. कुलुपाचं विचारलं, कुलूप मिळालं. त्या नऊ जणांचा काय दोष? डॉक्टरकडे जाऊन पोट दुखतंय हे न सांगता थेट गोळीचं नाव सांगितलं, तर डॉक्टर गोळीच देणार.

ती उठली आणि पुन्हा दहाव्या घरात गेली. यामिनी पाठ फिरवून बसली होती.

"मी पान कापायला निघालेय," झेलम म्हणाली. "तुझी चित्रं पण कापावी लागतील. तू असशील तरच कापीन."

"अन् चोर मीच निघाले तं?"

"तर तुझ्यासमोरच निघशील. पण मला वाटत नाही निघशील असं. सकाळी मी मूर्खासारखी बोलले."

यामिनी लगेच हसली वगैरे नाही. पण पायाचा चिखल पुसून तिच्यामागे आली.

दोघींनी पानाची एक नक्कल काढली, कारण खऱ्या पानावर कात्री चालवायची नसते. मग एकेक गोष्ट उडवायची, पान चालवायचं, आणि चूक अजून आहे का बघायचं. रंग उडवले, चूक होती. वांगी, मेथी आणि भाताची चित्रं गेली. यामिनीने दात आवळून स्वतःच ती पुसली. चूक होतीच. तोट्यांची जोडणी तोडली, हवामानाची चौकट गेली, कुलूप गेलं.

"थांब!" झेलम म्हणाली. "कुलूप नाही, तोट्या नाहीत, ही नक्कल आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही. तरी दहा दुसऱ्याच जागी. म्हणजे कुणीच हात लावलेला नाही!"

"मी तं सकाळपासून तेच सांगून राहिले," यामिनी म्हणाली.

आता फक्त दहा आकडे आणि रांग लावणारी एक ओळ उरली. त्यांनी आकडेही कापायला घेतले. नऊ काढला, आठ काढला, सात काढला. चूक कायम. शेवटी तीनच आकडे उरले. पडद्यावर एक, दहा, दोन असे आकडे होते. मग दोन काढला, आणि चूक गायब! एक, दहा. अगदी बरोबर रांग.

झेलम खट्टू झाली. इतका वेळ धरून ठेवलेली चूक निसटली होती. यामिनीने मात्र दोन परत घातला आणि एक काढून टाकला. पडद्यावर आलं: दहा, दोन.

सहाशे चाळीस ओळींतला रोग दोन आकड्यांत येऊन बसला. पारावर याला 'किमान नमुना' म्हणतात (ज्यातून आणखी काही काढलं तर चूकच नाहीशी होते, असा छोट्यात छोटा तुकडा). झेलमने प्रश्न लिहिला, या वेळी उद्गारचिन्हांशिवाय:

"गुंफणमध्ये २ आणि १० यांची रांग लावली. २, १० यायला हवं. १०, २ येतं. ओळ खाली दिली आहे. २ आणि ३ दिले तर बरोबर येतं. का?"

सभेला दोन तास उरले होते. सव्वीस मिनिटं दोघींनी नखं खाल्ली. आणि उत्तर आलं, कोतवालाचं.

"हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. जुनं उत्तर पाहावं. प्रश्न बंद."

जुनं उत्तर अठरा वर्षांपूर्वीचं होतं. लिहिणाऱ्याचं नाव काळाच्या ओघात पुसलं गेलेलं. त्याला चारशे बारा जणांनी पसंतीचे अंगठे दिले होते. त्यात अगदी झेलमचीच ओळ होती, आणि पुढे उदाहरण: ३, १, २ दिले तर १, २, ३ मिळतात. आता झेलमला आठवलं, चार महिन्यांपूर्वी तिने ही ओळ इथूनच उचलली होती. पान नीट चाललं आणि ती विसरून गेली.

"चारशे बारा लोक," यामिनी हळूच म्हणाली. "ते सगळे चुकतील का बाप्पा?"

झेलमने ती ओळ चालवून पाहिली. ३, १, २ बरोबर आले. मग १० घातला. १, १०, २, ३.

"चुकतील काय, चुकलेत!" ती म्हणाली. "चारशे असोत नाहीतर चार लाख. हे बघ, तुझ्या डोळ्यांसमोर आहे."

तिने जुन्या उत्तरावर हरकत नोंदवली. सव्वीस मिनिटांनी कोतवाल म्हणाला, "हरकतीसाठी पारावर कमावलेले पन्नास गुण लागतात. आपले गुण सात आहेत. नवं उत्तर मात्र कोणीही लिहू शकतं."

आता तासभरच उरला होता. कुणाला विचारायला वेळ नव्हता आणि दार तर तोंडावर तीनदा आपटलेलं. दुसरी कुणी असती तर रडली असती. झेलमही रडली, पण अर्धा मिनिट. मग नाक पुसून म्हणाली, "उत्तर लिहायचं तर कारण कळायला हवं. बरं, कळवून घेऊ. घाल आकडे!"

त्यांनी १०० घातला. तो १० च्या मागे आणि २ च्या पुढे जाऊन बसला. ३० घातला, तो ३ च्या मागे आणि ४ च्या पुढे. १९ घातला, तोही २ च्या आधी.

"ज्याच्या सुरुवातीले एक, ते सारे पुढे," यामिनी बोट फिरवत म्हणाली. "मंग दोनवाले, मंग तीनवाले. शब्दकोशात असते तसं. क संपल्याशिवाय ख लागत नाही, शब्द केवढा का लांब असेना."

झेलम तिच्याकडे बघतच राहिली. शब्दकोश! शब्दकोशात कुणी शब्द मोजत नाही. पहिलं अक्षर बघतात, ते सारखं असेल तर दुसरं. पान तेच करत होतं. दहा म्हणजे किती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला दिसत होतं आधी १ हे चिन्ह आणि मग ० हे चिन्ह. एक दोनाच्या आधी येतो, झालं, दहा पुढे. पानाच्या चौकटीत हाताने लिहिलेलं सगळं आधी अक्षरंच असतं. ही संख्या आहे (मोजायची गोष्ट आहे) असं त्याला सांगावं लागतं, आणि ते सांगायचं राहिलं होतं. घरं नऊ होती तोवर प्रत्येक क्रमांक एकाच अंकाचा. अक्षरं म्हणून लावा की संख्या म्हणून, रांग एकच. पटले आले आणि पहिल्यांदाच दोन अंकी क्रमांक आला. चूक पहिल्या दिवसापासून तिथेच होती. पटल्यांनी फक्त ती उघडी पाडली.

झेलमने त्या ओळीत 'संख्या म्हणून' एवढं वाढवलं. पडद्यावर आलं: २, १०.

सभा भरली तेव्हा उखाकाका ठराव वाचायला उभे होते. झेलम त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि तिने भिंतीवर दुरुस्तीआधीची नक्कल उघडली.

"काका, ठराव नंतर. आधी या चौकटीत दोन आणि दहा लिहा. तुमच्या हाताने."

"ए पोरी, सभेचा काही मान—"

"सभेचा मान आहे म्हणूनच पुरावा आणलाय. लिहा!"

आबांनी मान हलवली, म्हणून काकांनी लिहिलं. भिंतीवर दहा आधी आला. काकांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग त्यांनी हट्टाने आपल्या वयाचा आकडा घातला, बासष्ट, आणि नऊ. बासष्ट आधी आला.

"आता काय, तुम्हीही रांगेत घुसलात?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली.

झेलम हसली नाही. "चूक माझी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "मी दुसऱ्याची ओळ न तपासता उचलली. नऊपर्यंत बरोबर आलं म्हणून पुढेही येईल असं धरलं. काकांची वांगी माझ्यामुळे सुकली. आणि यामिनीला मी सगळ्यांच्या देखत चोर म्हटलं, म्हणून सगळ्यांच्या देखत माफी मागते. पान बंद करायचं तर करा. पण पटल्यांचं पाणी तोडलंत तर मी रोज सकाळी माझ्या वाट्याचं प्यायचं पाणी त्यांच्या भाताला घालीन. बघते कोण अडवतं."

उखाकाकांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात टाकला. "वांगी परत लावता येतात," ते म्हणाले. "पान दुरुस्त झालं का, तेवढं सांग."

"झालं. पण उद्या तुम्ही स्वतः तपासा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

आबांनी आपला दंड, पाटकऱ्याची जुनी काठी, क्षणभर नातीच्या हातात दिली. पांझरवाडीत याहून मोठी शाबासकी नसते.

सभा उठल्यावर दोघींनी पारावर नवं उत्तर लिहिलं. आधी काय दिसतं ते, मग का होतं ते, मग दुरुस्त ओळ, आणि ती कुठल्या कुठल्या आकड्यांवर चालवून पाहिली त्याची यादी. खाली नावं दोघींची. जुन्या उत्तराबद्दल त्यांनी वाकडा शब्द काढला नाही. फक्त लिहिलं, "ते उत्तर नऊपर्यंत बरोबर आहे."

सकाळी माणिकबाईंचा निरोप येऊन पडला होता.

"अठरा वर्षांपूर्वीचं ते उत्तर माझंच. माझ्या दुकानात तेव्हा तीनच कप्पे होते, तीनवरच तपासलं. चारशे बारा जणांनी अंगठे दिले, एकानेही दहा घालून पाहिला नाही. तुम्ही पाहिलात. कोतवालाला सांगून माझं उत्तर मी आज खाली घेतलं. तुमचं वर राहू दे."

झेलमने निरोप दोनदा वाचला. दहाव्या घराची तोटी आता कुठे उघडत होती, शेवटची, आणि उरलेलं सगळं पाणी खळखळत भाताकडे निघालं होतं. उखाकाका तिथेच उभे राहून नवव्या घरापर्यंतची रांग स्वतःच्या बोटांवर मोजत होते.

इतक्यात त्यांच्या नव्या उत्तराखाली एक ओळ उमटली. कुणा अनोळखी मुलाने लिहिली होती, गुण शून्य.

"मी लडाखमध्ये तापमानाचं पान बनवतोय. शून्याखालचे आकडे घातले तर तुमची ओळ चालेल का?"

यामिनीने झेलमकडे पाहिलं. यादीत शून्याखालचा एकही आकडा नव्हता.

"माहीत नाही," झेलम म्हणाली आणि बाही वर सारून बसली. "घाल. बघू."